चमच्याचे दोन टोले

त्या मंगळवारी सकाळी मी मोहालीला ऑफिसला निघाले होते आणि कॅबमध्ये फोन वाजला. हाइनरकाकांचा नंबर. उचलला तर पलीकडे शांतता. त्यात मला नवल वाटलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून काका असाच फोन करायचे. बोलायचं मी, आणि त्यांनी चमच्याने फोनवर टकटक करायची. एकदा वाजवलं की ‘पुरे’, दोनदा वाजवलं की ‘पुढे बोल’. म्हणून मी सुरू झाले. कॅबवाल्याने ‘बस जी, पाँच मिनट’ म्हणत अर्धा तास कसं ताटकळत ठेवलं, मॅनेजर कसा डोकं खातो... दोन-तीन मिनिटं माझी टकळी चालू, आणि चमचा काही वाजेना. “काय हो काका, झोपलात की काय?” मी हसत विचारलं, आणि पलीकडून मावशीचा हुंदका आला. काका गेल्याचं ती मघापासून सांगायला बघत होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. महिना होत आला, पण माझा तो प्रश्न आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

हाइनरकाका म्हणजे माझ्या सुधामावशीचे यजमान. जन्माने जर्मन, हट्टाने तर त्याहून जर्मन. मावशी तिकडे औषधशास्त्र शिकायला गेली तेव्हा ते एका लहानशा गावातल्या नाटकमंडळीत विनोदी कामं करायचे. सव्वासहा फुटांचा हा माणूस साध्या खुर्चीवर बसायला पाच मिनिटं घ्यायचा आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे, असं मावशी सांगते. पुढे ते आवाजाच्या कामात शिरले आणि रंगमंच सुटला. जर्मनीत परदेशी सिनेमाला आपल्या भाषेतला आवाज देतात, आणि एका नटाला एकदा एक आवाज चिकटला की तो सहसा बदलत नाहीत. काकांच्या वाट्याला एक बुटका, चिडका अमेरिकन नट आला. अठ्ठावीस वर्षं तो तिकडे काकांच्या गळ्यातून बोलला. काकांनी बेकरीत पाव मागितला की लोक गर्रकन वळायचे आणि हा लंबू दिसला की हिरमुसायचे! “त्याला सगळे हसतात गं,” काका मला म्हणायचे. मराठी मावशीकडून उचललेली, त्यामुळे थाट थेट सांगलीचा. “मी मात्र बंद खोलीत. मला कुणाचं हसू ऐकूच येत नाही.” मी ते थट्टेवारी न्यायची.

मावशीच्या नोकरीपायी दोघं चंडीगडला आले आणि काकांचं काम लॅपटॉपवरून इथूनच होऊ लागलं. घरात रजाया ठेवायची एक अंधारी खोली होती, तिच्या चारी भिंतींवर रजाया टांगून त्यांनी स्टुडिओ केला. रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार. तेवढ्या वेळात सेक्टर अगदी चिडीचूप असतो. भाजीवाला येऊन गेलेला, शाळेच्या बस अजून यायच्या असतात. मी आयटीवाली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी माईक आणि लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. “अहो, मी बँकेची सॉफ्टवेअरं करते!” म्हटलं तर म्हणाले, “मग काय झालं? बटण ते बटण.”

मग त्यांच्या घशाचं निदान झालं. ऑपरेशन सोमवारी ठरलं, आणि हातातल्या सिनेमातली एकच जागा उरली होती. म्हातारा नायक जुनं पत्र वाचतो आणि अर्धा मिनिट हसत सुटतो. संवाद सगळे झाले होते, फक्त ते हसू बाकी. रविवारी झालं नाही तर तिथे दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागणार होता. मावशी दारात आडवी उभी. “डॉक्टरांनी तोंड मिटून बसायला सांगितलंय, आणि तू माईक जोडतेस? अक्कल कुठे ठेवून आलीस?” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, “सुधा, उद्यापासून गप्पच बसायचंय ना मला...” ती बाजूला झाली, पण दार लावताना माझ्याकडे तिने असं पाहिलं की माईकची वायर मी दोनदा चुकीच्या जागी खोचली.

पहिल्यांदा हसू सुरू झालं आणि खोकल्यात बुडालं. रुमालावर लाल ठिपका दिसला, तो त्यांनी मुठीत दडवला. दुसऱ्यांदा शेजारी ड्रिल मशीन सुरू झालं. मी धावत जाऊन “अंकल जी, दस मिनट, प्लीज” म्हणून हात जोडून आले. साडेतीन वाजले होते. तिसऱ्यांदा काकांनी डोळे मिटले, आणि काय सांगू... आधी नाकातून एक फुसका सूर, मग पोटातून गडगडाट, मध्येच अडकलेली उचकी. समोर सव्वासहा फुटांचा आजारी माणूस, रजायांच्या मधोमध, त्या बुटक्या म्हाताऱ्यासारखा खांदे उडवत होता. शेवटचे पाच सेकंद उरले असताना मी फस्सकन हसले. तोंडावर हात दाबला, पण माईकमध्ये जायचं ते गेलंच होतं.

चौथ्यांदा काकांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पाचव्यांदाही हवाच.

मी तीन दिवस त्या रेकॉर्डिंगशी झटापट केली. माझं हसू त्यांच्या हसण्यात असं मिसळलं होतं की वेगळं निघेना. तिकडच्या लोकांनीही हात टेकले. सिनेमा लागला. त्यात शब्द सगळे काकांचे, आणि हसू एका तरुण पोराचं. अठ्ठावीस वर्षांच्या कामाचा शेवट माझ्या एका फिसकन हसण्याने नासला! मावशी मला तसं कधीच बोलली नाही, पण पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

हॉस्पिटलात मी काकांपुढे रडले, माफी मागितली. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पाटीवर होतं, ‘नाटक सोडल्यापासून समोरचं माणूस हसलेलं पहिल्यांदा ऐकलं. ते खोडू नकोस. मला पाठव.’ मी पाठवलं. पुढे दोन वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

गेल्या रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा काकांच्या नंबरवरून फोन आला. मी दचकले. पलीकडे शांतता. मग नाकातून एक फुसका सूर, मग गडगडाट, उचकी... आणि शेवटी माझं ते फस्सकन हसणं. मावशीला ते काकांच्या फोनमध्ये सापडलं होतं. “मावशी...” म्हटलं मी आणि तिथेच अडखळले.

तेवढ्यात पलीकडून फोनवर चमचा वाजला. एकदा. आणि मग, जरा थांबून, पुन्हा एकदा.