भीतीचा खडा

महिन्यापूर्वी वरकुट्याचा एक माणूस एस.टी.तून उतरून थेट माझ्या कोठीत आला, टोपी काढून उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "तात्या गेलं. पहाटं." मी हातातला दोर गुंडाळत राहिलो. एरवी मला बोलायला कारण लागत नाही. मी बारामतीत शिंकलो की इंदापुरात लोक छत्र्या उघडतात, अशी माझी ख्याती मीच पसरवली आहे. त्या दिवशी मात्र दोर गुंडाळून संपला, तो मी सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला...

बारामतीत गुळाचं मोठं गोदाम बांधलं जात होतं. धोंडीतात्या त्या कामावरचे थोरले गवंडी आणि मी सामानाच्या कोठीवरचा कारकून. तात्यांची उंची सहा फूट, पण मी ती नऊ सांगत आलो. बांबू-फळ्यांच्या परांचीच्या पहिल्या थरावरची माणसं त्यांच्याशी न वाकता बोलतात, ही बातमीही माझीच. खरं ते एवढंच, की उमेदीच्या वयात त्यांनी सख्खा भाऊ परांचीवरून पडताना पाहिला होता. फळी डळमळते हे कामावरच्या चौघांना आधीपासून ठाऊक होतं. गडीमाणसाने भ्यालो म्हणायचं कसं, म्हणून चौघेही गप्प राहिले होते.

म्हणून तात्यांनी एक रीत घातली. रोज सकाळी ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीने परांचीचं चित्र काढत. सगळे भोवती बसत आणि ज्याला जिथं भीती वाटे तिथं तो खडा ठेवी. पहिला मान घमेली वाहणाऱ्या बायांचा, शेवटचा तात्यांचा. मग खडा का ठेवला ते बोलायचं, उपाय सगळ्यांनी मिळून काढायचा आणि तेवढी डागडुजी झाल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही. पहिल्या दिवशी गडी फिदीफिदी हसले. घमेली वाहणाऱ्या साळूबाईंनी चढणीच्या फळीवर खडा ठेवला आणि म्हणाल्या, "हितं माझा पाय रोज सरकतोय. हसा की. पडल्यावर उचलायला तुमीच हायसा." दुपारच्या आत त्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या गेल्या, आणि हसणं थांबलं.

मी कधी वर चढत नसे, तरी तात्या मलाही बसवत. म्हणत, "कारकून, तुमचं सामान वर चढतंय न्हवं? मंग टाका खडा."

एकदा कोठीतल्या टाकीचा नळ उघडा टाकून मी बाजारात गप्पा झोडायला गेलो, आणि घायपाताच्या दोरांची एक थप्पी भिजली. कुणाला कळू नये म्हणून ती मी पोत्यांखाली दडवली, आणि पुढे कितीतरी दिवस ती तिथं तशीच ओली राहिली. बाहेर काढून वाळवली तेव्हा वरून धडधाकट दिसत होती. परांचीचा चौथा थर बांधायला तीच दिली. आतून कुजली असेल, ही शंका होती मला. दुसऱ्या सकाळी माझी पाळी आली. सगळे बघत होते. मी खडा उचलला आणि चित्राबाहेर, चुलीच्या बाजूला ठेवून म्हणालो, "सगळ्यात मोठा धोका साळूबाईंच्या चहाचा. काल घोटभर प्यालो, अजून जीभ टाळूला चिकटलीय." माणसं लोळून हसली. तात्याही हसले... मग त्यांनी चित्राकडे पाहिलं. "चौथा थर मोकळा हाय. चला." नव्या थरावर पहिला पाय नेहमी त्यांचाच असे. घटकाभरात दोर तुटला.

त्यांची कंबर मोडली. बैलगाडीतून वरकुट्याला, त्यांच्या गावी नेलं. ठेकेदार म्हणाले, "रोज गोल करून बसता, तरी गवंडीच पडला. बंद करा हा खेळ." माणसांना ते पटलं. मीसुद्धा मान हलवली.

खरं सांगायचं ठरवूनच मी वरकुट्याला गेलो. तात्या बाजेवर वाळून पडले होते. माझ्याआधी तेच बोलले.

"कारकून, रीतच कच्ची निघाली म्हनायची. का माझंच बघायचं ऱ्हायलं?"

"तसं न्हाय, तात्या."

"मानसं बसत्यात का अजून?"

"बसतात की. इंदापूरचे गवंडी मुद्दाम बघायला येतात. परवा जागा पुरेना म्हणून दोन माणसं बैलावर बसवली."

ते किंचित हसले. "बैलाला बी खडा द्या मंग," म्हणाले आणि डोळे मिटले. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर सकाळी मी फक्की घेऊन गोदामापुढे गेलो आणि तात्या काढत तसं परांचीचं चित्र काढलं. रेघा वाकड्या आल्या. माणसं एकेक करून जमली. मी चौथ्या थरावर खडा ठेवला आणि टाकीच्या नळापासून सगळं सांगितलं, कुठेही न वाढवता.

साळूबाईंनी विचारलं, "मंग त्या दिशी का न्हाय बोलला?"

"लाज वाटली."

कुणी माझी समजूत घातली नाही, शिवीही दिली नाही. एक गवंडी पुढे सरकला, त्याने पश्चिमेच्या भिंतीपाशी खडा ठेवला. "मलाबी एक सांगायचं हाय," तो म्हणाला. मग दुसरा आला. ठेकेदार येऊन ओरडून गेले, कुणी उठलं नाही. त्या दिवशी परांचीवर पहिला माणूस चढला, तेव्हा दुपार कलली होती.