गॅरेजच्या तोट्यामागचा चोर

ऊसपट्ट्यातल्या वाशीच्या ठाण्याचा प्रभारी असताना आलेली ही तक्रार मी अजून विसरलेलो नाही. एका बड्या व्यापाऱ्याने सीएच्या सल्ल्याने धंद्याचे तीन विभाग पाडले होते : स्पेअर पार्टचे दुकान, गॅरेज आणि ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर. प्रत्येकाचा नफा-तोटा वेगळा. वर्षअखेर वाहतूक फायद्यात निघाली आणि गॅरेज पार बुडालेले. वाहतूक शेठच्या जावयाकडे, गॅरेज एका जुन्या मिस्त्रीकडे. मग चोर कोण, हे शेठने परस्परच ठरवून गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर बोलूनही टाकले.

"दुकानातनं गॅरेजला गेलेला माल गिऱ्हाइकाच्या बिलात न्हाय. मिस्त्रीनंच इकला. आत टाका त्याला."

"मुद्देमाल सापडल्याशिवाय मी कोणाला आत टाकत नसतो," मी सुनावले. अर्जाची नोंद स्टेशन डायरीला घेतली आणि मिस्त्रीला चौकशीसाठी बोलावले.

उलटसुलट खूप विचारले. चोर सहसा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. हा कोणाचे नावच घेईना. "साहेब, म्या एक नटबी घरी न्हेला न्हाय. पोरीची सोयरीक जमलीया. चोराची पोर कोण करून घेईल?" तो रडू लागला. मला वाईट वाटले, पण रडण्यावर तपास बंद करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तसला नवा माल ढोकीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांना बसवल्याला हाय." हवालदाराला घेऊन तडक निघालो. साखर कारखान्याबाहेर उसाच्या गाड्यांच्या रांगेत ते ट्रॅक्टर सापडले. नवे रेडिएटर, नव्या बॅटऱ्या. दुकानाच्या वहीतून उतरवून घेतलेले नंबर तंतोतंत जुळले.

"ट्रॅक्टर कोणाचे?" मी ड्रायव्हरला दरडावले.

तो गांगरला. "आमच्या शेठचंच की, साहेब!"

ठाण्यात परतून मिस्त्रीला विचारले, हे आधी का नाही सांगितलेस?

"त्यात सांगायचं काय? घरच्या गाडीचं कुणी बिल फाडतं व्हय?"

जावयानेही कधी बिल मागितले नव्हते. आयत्या बिळावर नागोबा! खर्च गॅरेजचा, शाबासकी त्याची.

शेठ ओशाळले. "जाऊ द्या साहेब, अर्ज मागं घेतो."

"अर्ज मागं घ्याल, पण शब्दाचं काय? चोर म्हणालात ते गॅरेजमधल्या सगळ्यांसमोर. तिथंच जाऊन मागं घ्या." हे कुठल्या कलमात बसत नव्हते, तरी मी सोबत गेलो. शेठने सगळ्या कामगारांदेखत मिस्त्रीला हात जोडले.

या तपासाने मला एक शिकवले. धंद्याचे विभाग जरूर पाडावेत, पण कोण कोणासाठी राबतो ते आधी पाहावे. नाहीतर ज्याच्या नावावर तोटा दिसतो, तोच चोर ठरतो.