व्हिसाच्या खिडकीपुढची सर्वनामं

मी भित्रा माणूस आहे. नोकरीत असेपर्यंत हा गुण 'सावधपणा' या नावाखाली खपला. निवृत्त झाल्यावर मात्र घरच्यांना तो चोवीस तास जवळून बघायला मिळाला. गॅसचा कॉक बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यातून परत वर येतो. लिफ्टमध्ये कुणी सोबत असल्याशिवाय शिरत नाही. अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीने अमेरिकेत जाऊन संसार थाटावा आणि तिकडून फोन करून सांगावं, "बाबा, घाबरू नका," म्हणजे पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच आमचे हातपाय गार.

"घाबरू नका. डॉक्टरांनी फक्त झोपून राहायला सांगितलंय. बाळ होईपर्यंत."

आधीच्या खेपेला तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. ते तिने आम्हाला फार उशिरा सांगितलं होतं, तेही असंच, "घाबरू नका"ने सुरुवात करून. आता जावई सकाळी कामावर गेले की ती दिवसभर एकटी. उठायचं नाही, वाकायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही. विहीणबाई हयात नाहीत. फोन ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "आईला पाठवाल का?"

म्हणजे व्हिसा. आईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून दोघांचा. मग समोरच्या विंगमधल्या काकांकडे गेलो, कारण त्यांना या विषयातला अनुभव होता. त्यांना व्हिसा नाकारला गेला होता.

"खिडकीपाशी उभं करतात," काका म्हणाले. "काचेपलीकडे साहेब. दोन-चार प्रश्न, झालं. पासपोर्ट ठेवून घेतला तर जिंकलात. काचेखालून परत सरकवला, की या घरी."

"आणि तुमचा?"

"आलो ना घरी! इंग्रजीत गडबडलो. तुम्ही मराठीत द्या मुलाखत, दुभाष्या देतात."

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मग घेऊ या की दुभाष्या." पण आयुष्यभर साहेबांची इंग्रजी पत्रं मी लिहिलेली; साहेब फक्त सही करायचे. मी म्हटलं, "दुभाष्या घेतला तर विचारतील, तिकडच्या दवाखान्यात कसं बोलणार? इंग्रजीतच द्यायची. मी शिकवतो."

बायको वसईची, केळीच्या वाडीतली. मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी शब्द तिला भरपूर येतात, टीव्हीने आणि मोबाइलने शिकवलेत. अडचण सर्वनामांची. मी लेकीचं जुनं व्याकरणाचं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि रोज सकाळी आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडताना शिकवणी सुरू झाली.

"सांग, तुझे जावई काय करतात?"

"दे आर इन कॉम्प्युटर."

"दे? किती जावई आहेत तुला?"

"एकच आहेत की."

"मग 'ही' म्हण. 'दे' म्हणजे पुष्कळ जण."

"'ही' म्हणजे 'तो' ना? जावयाला अरेतुरे करू?"

"इंग्रजीत सगळ्यांनाच अरेतुरे."

"तुमच्या बाबांनाही?"

"बाबांनाही."

"ते वारले तरी?"

"वारले तरी."

तिने गवारीची शीर ओढली आणि म्हणाली, "म्हणूनच तिकडे कुणी कुणाकडे जात नाही."

दुसऱ्या दिवशी 'इट'वरून भांडण झालं. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे ठाऊक नसेल तर 'इट' म्हणतात, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं. पुढच्याच चित्रात 'इट'समोर टेबल काढलेलं होतं.

"माझ्या नातवंडाला मी टेबलाच्या रांगेत बसवणार नाही."

"अगं, मराठीत पण बाळ 'ते'च असतं."

"आपलं 'ते' वेगळं असतं," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. पाठमोरी उभी असताना ती डोळे पुसत होती, हे मला दिसलं. त्या दिवशी मी 'इट' अभ्यासक्रमातून वगळलं.

तिला शिकवता शिकवता माझीच भीती वाढत गेली. आपण घरात बायकोला 'ही' म्हणतो. त्यामुळे इंग्रजी 'ही' कानावर आलं की माझं डोकं आपोआप स्वयंपाकघराकडे वळायचं. उद्या काचेपुढे मीच घसरलो तर? मी घराजवळच्या तळ्याभोवती चकरा मारत पाठांतर सुरू केलं. ही, हिम, हिज. शी, हर, हर्स. एक आजीबाई रोज माझ्याबरोबर चालायच्या. 'हर, हर' ऐकून त्यांनी एकदा हात जोडले. मीही जोडले. तेवढीच देवाची मदत.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बायको माहेरी वाडीत जाऊन आली ती सुकेळी घेऊन. केळीच्या पानात बांधलेली सुकवलेली केळी, लेकीची लहानपणापासूनची आवड.

"अगं, व्हिसा मिळायच्या आधी कशाला आणलीस?"

"दादाने दिली. नाही म्हणू?"

"आणि नाही मिळाला तर?"

तिने सुकेळी डब्यात भरून डबा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. सुकेळ्यांना कुलूप लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी भाच्याने गाडीने मुंबईला, अमेरिकन वकिलातीत नेलं. खाडीपुलावर गाड्यांची रांग लागली तेव्हा मी म्हटलं, "चल, उजळणी करू." ती म्हणाली, "नको. सांडेल." जणू भरलेलं भांडं घेऊन बसली होती.

आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे हाताला काही कामच उरत नाही. रांग पुढे सरकत होती. आमच्यापुढच्या जोडप्याचे पासपोर्ट काचेखालून परत आले. त्यातल्या बाई रडल्या नाहीत, नुसत्या पिशवीची चेन लावत राहिल्या. बंद झालेली चेन पुन्हा उघडून पुन्हा लावली. बायकोने माझ्या शर्टाची बाही धरली होती, ती सोडली नाही.

काचेपलीकडे एक तरुण मॅडम होत्या. चष्मा, केस मागे बांधलेले. गुड मॉर्निंग झालं.

कोणाकडे जाताय? मी म्हटलं, "अवर डॉटर. शी लिव्ह्ज विथ हर हजबंड." शी बरोबर, हर बरोबर. जावई काय करतात? "ही वर्क्स विथ कॉम्प्युटर्स. हिज ऑफिस इज फार." ही, हिज, सगळं जागच्या जागी. मी बायकोकडे एक कटाक्ष टाकला, बघ म्हणून. मॅडमनी माझ्याकडे बघत विचारलं, सोबत कोण?

"शी इज माय वाइफ."

"अँड व्हॉट इज हर नेम?"

मी ठणठणीत आवाजात नाव सांगितलं.

मॅडमनी पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुन्हा विचारलं. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच नाव आणखी मोठ्याने सांगितलं. तेव्हा बाहीवरच्या बोटांनी मला जोरात चिमटा काढला.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. आमच्या वेळी ते नाव माझ्या आत्याने सुचवलं, मी लिहिलं आणि माझी आई जन्मभर तिला त्याच नावाने हाक मारत राहिली. पण ते नाव तांदळातून पुढे कुठे गेलंच नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, म्हणून आधारवर तेच, बँकेत तेच, पासपोर्टवर तेच. मी तिला 'अगं' म्हणतो, ती मला 'अहो'. दोन्ही नावं घरात पडून होती, वापरात एकही नव्हतं. घाबरलेल्या माणसाच्या हाताला जे आधी लागलं ते त्याने काढलं. माझ्या तोंडून माझ्या आईची हाक बाहेर पडली.

सर्वनामं एकूण एक बरोबर आली होती. नाम चुकलं.

मॅडम आता सरळ बसल्या. पासपोर्टवर हे नाव नाही, मग या बाई कोण, असं त्यांनी सावकाश विचारलं. मला कानात शिट्टी वाजल्यासारखं ऐकू येत होतं. आयुष्यभर इंग्रजी पत्रं लिहिलेल्या माणसाने उत्तर दिलं, "शी... शी इज शी."

मॅडमचा हात पासपोर्टवर गेला. परत सरकवणार, असं मला वाटलं. डोळ्यांपुढे लेक आली, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आणि तेवढ्यात बायको काचेच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली.

"मॅडम, टू नेम. वन माय फादर गिव्ह. वन मॅरेज." तिने खिडकीच्या फळीवर बोटाने गिरवून दाखवलं. "प्लेट. राइस. रिंग. दे राइट माय नेम."

"हू आर दे?"

"धिस," माझ्याकडे बोट. "ओन्ली वन."

मॅडमनी मला वरून खाली न्याहाळलं. मग घरात तुम्हाला यातल्या कोणत्या नावाने बोलावतात, असं त्यांनी विचारलं.

"नो नेम. दे कॉल मी अगं."

"आगा?"

"येस," बायको म्हणाली. दुरुस्त करायला तिला वेळ नव्हता.

यावर त्या हसल्या का, ते मला नीट दिसलं नाही. माझी नजर पासपोर्टवर होती. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि थेट तिलाच विचारलं, तुम्हाला का जायचंय?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही सगळ्यात जास्त घोटलं होतं. लहान वाक्यं, नीट क्रियापदं. तिने त्यातलं एकही वापरलं नाही.

"माय डॉटर स्लीपिंग. ऑल डे. डॉक्टर से नो गेट अप. बिफोर, वन बेबी..." इथे तिला शब्द मिळेना. तिने ओंजळ धरली आणि उघडली. "अवर पीपल, फर्स्ट बेबी मदर्स हाउस. शी कॅनॉट कम. सो मदर्स हाउस गोइंग."

मॅडम टाइप करू लागल्या. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, परत कशावरून याल?

"दे कॅनॉट मेक टी," बायकोने पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं.

मीही तिच्याबरोबर जाणार आहे, माझाही अर्ज आहे, माझाही पासपोर्ट तिथेच पडलाय, हे बोलण्याच्या भरात ती साफ विसरली होती. मी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर मॅडमचं ठरलं होतं.

मॅडमनी एक पासपोर्ट बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला. दुसरा एका छापील कागदात घालून काचेखालून माझ्याकडे सरकवला. पुन्हा अर्ज करता येईल, असं काहीतरी त्या म्हणाल्या. ट्रेमधला बायकोचा होता.

बाहेर ऊन होतं. फोन परत मिळाल्याबरोबर लेकीचा नंबर मी लावून दिला.

"मिळाला," ती म्हणाली. पलीकडून रडण्याचा आवाज आला, त्यात जावयांचं "काय झालं? काय झालं?" मिसळलेलं. "अगं रडू नकोस, पोटाला त्रास होईल. येते मी. हो, मी. बाबा नंतर. त्यांचं नाही झालं. नाही गं, ठीक आहेत. इथेच उभे आहेत."

फोन ठेवून ती पदराने मान पुसत माझ्याकडे बघू लागली, आणि मघाशी काचेपुढे नव्हती ती भीती आता तिच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिली. ती कधी पुण्यापर्यंतसुद्धा एकटी गेलेली नाही.

"अहो, मध्येच विमान बदलायचं असतं ना?"

"असतं."

"मग तिथे मला सांगेल कोण, कुठल्यात बसायचं ते?"

मला माहीत नव्हतं. मी तरी कुठे विमानात बसलोय! "असतात गं माणसं. विचारायचं," मी म्हटलं.

"आणि मी विचारलेलं त्यांना नाही कळलं तर?"

"मघाशी कळलं की."

"मघाशी तुम्ही होतात," ती म्हणाली.

मी तिथे असून काय दिवे लावले होते, ते दोघांनाही माहीत होतं. पण ती थट्टा करत नव्हती. भाच्याची गाडी रस्त्यापलीकडे उभी होती आणि मधून वाहनं सुसाट जात होती. मी भर रस्त्यात तिचा हात धरला. धीर द्यायला धरला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. तेव्हा मात्र धीर मलाच हवा होता.

"थांबा," ती म्हणाली, "ती लाल गाडी जाऊ दे." ती गेली. मग दुसरी गेली. मग तिने मला ओढून पलीकडे नेलं.