झुलालची तार

अमळनेरच्या बाजारात झुलाल घड्याळवाल्याकडे आता लोक येतात ते सेल बदलायला, नाहीतर पट्टा बसवून घ्यायला. तेही उभ्याउभ्या, मोबाइलवर बोलत. झुलालची त्याबद्दल तक्रार नव्हती. मात्र कुणी घटकाभर टेकलं की त्याची गाडी हमखास कन्हैयालाल शेठजींच्या घड्याळावर यायची आणि मग ऐकणाऱ्याची सुटका नसे.

ते घड्याळ शेठजींच्या वडिलांचं. खिशातलं, विलायती. कडेची कळ सरकवली की आधी तास, मग पाव तास, मग मिनिटं टोल्यांनी सांगणारं. आत दोन पोलादी तारा गोल वळवलेल्या, त्यांवर इवल्या हातोड्या पडतात. नजर गेल्यापासून शेठजींचा दिवस या टोल्यांवरच चालायचा. एकदा त्यातली खालच्या सुराची तार मोडली. तशी तार आता मिळत नाही म्हणून मुंबईच्या कारागिरांनी हात वर केले. तेव्हा झुलालनं भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची तार घेतली आणि घासून, तापवून, तेलात विझवून नवी केली. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. हा आपला घासतोय नि कान लावतोय. बायको सुनंदाबाई ओरडायची, "जेवाले या आते, घड्याळ काय पळी जात नही!"

तार बसली, टोला पडला आणि शेठजी म्हणाले, "वा, झुलाल!" त्या दोन शब्दांवर हा माणूस पुढची कित्येक वर्षं जगला.

यंदा दिवाळीला शेठजींचा नातू मनन पुण्याहून आला. त्याला जुन्या घड्याळांचं वेड. झाकण उघडून त्यानं फोटो काढला, आपल्या शौकीन मित्रांना पाठवला आणि तिकडून निकाल आला, एक तार नकली आहे.

मनन दुकानात आला. पोरगा सालस, बोलला नीटच. "झुलालभाऊ, तुमचं काम सुबक आहे. पण ही तार मूळची नाही."

"मूळची मोडेल व्हती. मंग काय मुकं ठेवतू?"

"मुकं नको. पण बनवणाऱ्यानं जो आवाज ठरवला होता, तो हा नाही ना."

"माणूसना दात पडना, नवा बसाडा. मंग तो माणूस नकली व्हयना का?"

मनन हसला. "नकली नाही होत. बोलणं जरा बदलतं."

हे झुलालला फार झोंबलं. मननने पुढे तशाच एका मोडीत निघालेल्या घड्याळातली अस्सल तार मिळवली, मुंबईच्या कारागिराकडून बसवून घेतली आणि झुलालला घरी बोलावणं धाडलं. झुलाल निघाला तो दोष काढायच्या तयारीनंच. तार हातोडीच्या फार जवळ असणार, खरखरणार, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

शेठजींनी कळ सरकवली. टोले पडले, भरदार, गोल, विरेपर्यंत स्वच्छ. दोन्ही सूर एकमेकांना धरून होते. झुलालनं मान तिरपी करून पुन्हा ऐकलं. खरखर नव्हती. काहीच नव्हतं.

"कसं वाटतं?" मननने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. त्या घरात त्याच्या शब्दाला मान होता.

"मन्ही तारपेक्षा गोड शे," झुलाल म्हणाला.

शेठजींच्या डोळ्यांना धार लागली. "हे आमच्या बाबूजींचं घड्याळ! झुलाल, आता सांगतो. तुझा टोला बसका होता रे. पहिल्याच दिवशी कळलं मला. रोज कळ सरकवायचो आणि वाटायचं, घरात परकं कुणी बोलतंय. पण तू एवढा खपलास, तुझं मन कसं मोडायचं? म्हणून वा म्हटलं."



मननपुढची हार झुलालनं निमूट गिळलीही असती. पण इतकी वर्षं! तेव्हा हात थरथरत नव्हते, नजर शाबूत होती, कानस तर रोज समोरच पडलेली असायची.

"शेठजी," झुलालचा आवाज फाटला, "माले तवाच सांगनं व्हतं ना. मी तवाच दुसरी करी देतू."