फोटोची सतरंजी

वस्तीतल्या अभ्यासवर्गात मुलं गार फरशीवर बसली होती आणि नवी सतरंजी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी उभी होती. तिच्या काठावरची रंगवलेली अक्षरं बाहेरून वाचता येत होती : कै. सुधा स्मृती निधी. सुधा माझी बहीण. ती गेल्यावर मेहुण्यांनी हा निधी काढला. वस्त्यांमधल्या छोट्या गटांना ते मदत देतात.

"अंथरत का नाही?" मी विचारलं.

वर्ग चालवणाऱ्या शकूताई म्हणाल्या, "नाव मळतं ना, दादा. साहेबांना फोटो धाडावा लागतो. नाव लख्ख दिसलं नाही तर पुढची मदत बंद, म्हणालेत. फोटोपुरती अंथरतो. तेव्हाही पोरं एकमेकांना दटावतात, 'ए, सुधाबाईंवर पाय देऊ नको!'"

मुलं हसली. मला हसू आलं नाही. दिलेल्या वस्तूवरचा हात ज्यांना काढवत नाही, त्यांच्या दानाची मला किळस येते. सुधा याच फरशीवर फतकल मारून शिकवायची; तिच्या पदराला कायम खडूची धूळ असे. आता तिच्या नावाला धूळ चालत नाही. मरणाने तिला नेलं, आणि मागे राहिलेलं या माणसाने सोवळ्यात बांधलं.

मी प्लॅस्टिक फाडलं.

"अहो दादा, साहेब विचारतील!"

"सुधाच्या भावाने फाडलं म्हणून सांगा. मदत थांबवून तर बघू दे त्यांना."

सतरंजी उलगडली. मुलं काठाशीच बिचकून उभी राहिली. मग एक लहानगी मातीच्या पायांनी सरळ आत आली आणि नेमकी 'कै.'वर बसली.