शैलाताईच्या नावावरची चाचणी

आधी शैलाताईचं नाव घेते. ती नसती तर हे लिहायलाही मी बसले नसते. पुढचं मात्र आजवर कुणाला बोललेले नाही — आईलाही नाही.

मी जतकडची. सहावीतून मेंढरांमागं गेले, शाळा तिथंच राहिली. आता मलकापुरात उसाच्या रोपवाटिकेत कामाला आहे, आणि शैलाताईच्या सासूबाईंची मागची खोली भाड्यानं घेतली आहे. ताईचे मालक फौजेत. तिचीही शाळा लग्नात सुटलेली. घरबसल्या शिकायचा अभ्यासक्रम तिनंच शोधला आणि स्वतःबरोबर माझंही नाव घातलं. सासूबाईंनी तिला एकच वर्ष दिलं होतं. झालं तर झालं, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.

माझा फोन साधा, बटणांचा. म्हणून रेंज मिळते त्या जिन्यावर आम्ही तिच्याच फोनवर शिकायचो. पोर्टल म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक? पासवर्ड टाकताना बोट मागं घ्यायचे. काही बिघडलं तर?

"अगं दाब की. फोन काय शिंगं मारतोय व्हय?" ती म्हणायची.

तिचं झालं की ती लॉगआउट करायची, मग मला माझं नाव घालायला लावायची. रोज तसंच. त्यामुळं फोन हातात आला की पान माझंच, असं मी धरून चालले — का धरलं, काय सांगू?

त्या दिवशी पाहुणे आले. फोन माझ्या हातात देऊन ती चहाला उठली. चाचणी उघडीच होती. मला वाटलं, सरावाची असेल. येत नव्हतं तिथं काहीही दाबत गेले, शेवटी सबमिट. मग वरच्या कोपऱ्यातल्या गोलाकडं नजर गेली — शैलाताईचा फोटो. चाचणी शेवटची होती. एकदाच देता येणारी.

तेव्हा हाक मारायला काय झालं होतं? स्वयंपाकघर जिन्याखालीच होतं. मी फोन पायरीवर पालथा ठेवला आणि खोलीत गेले.

ताईनं येऊन बघितलं तर चाचणी गेलेली, खाली नापास. तिला वाटलं, रेंजनं घात केला. तिनं केंद्रावरच्या सरांना फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, रेंजनं असं होत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असेल तर तसं सांगा, चाचणी पुन्हा उघडून देतो. मी शेजारीच. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाई ओ सर. एक पोरगी असती माझ्यापशी, पण ती न सांगता कशाला हात लावायची न्हाई."

मी मान हलवली. हो — हलवली.

माझी चाचणी तिनंच लावून दिली. त्याच फोनवर. मी पास झाले, तेव्हा तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. सासूबाई तिला म्हणाल्या, "बघ, मेंढरांमागची पोरगी पुढं गेली." ती भांडी घासत राहिली.

आता माझा स्वतःचा फोन आहे. जिन्यावर एकटीच बसते. ती खालून विचारते, "रेंज हाय का गं?" मी हाय म्हणते.

परत नावं घालायची वेळ येईल, तेव्हा सासूबाईंसमोर उभी राहून कुणी दाबलं ते सांगेन. खोली सोडावी लागली तरी. मग तिचं नाव मी घालीन. आणि चाचणीच्या दिवशी पाहुणे आले, तर चहाला मी उठेन.