मुरगूडच्या गुळाची गाडी कोणाची?

कराडच्या स्टँडवरून कोल्हापूरची एसटी सुटली तेव्हा पिशवीत आमच्याच चिक्कीचा डबा होता आणि डोक्यात तीन प्रश्न होते. चिक्की माझी, प्रश्न पुण्याच्या जोशींचे. जोशी म्हणजे दुकानांच्या एका मोठ्या साखळीत मालाची खरेदी बघणारे गृहस्थ. मी आणि माझी जाऊ सुनीता घरामागच्या शेडमध्ये शेंगदाण्याची चिक्की करतो. दिवाळी आणि संक्रांत सोडली की हाताखालच्या बायकांना घरी बसवावं लागतं. जोशींच्या दुकानांत आमची चिक्की लागली तर त्या बायकांना वर्षभर काम मिळणार होतं. पण त्यांच्या दुकानाला हल्ली मालाचा सगळा प्रवास स्वच्छ लागतो. तुमचा गूळ कशावर शिजतो, तिथली वीज कोणाची आणि तो आणणारी गाडी कोणाची, एवढं नीट सांगा म्हणाले. नाही जमलं तर सरळ कारखान्याचा गूळ घ्या, त्यांची उत्तरं तयार असतात.

सुनीता कारखान्याच्या बाजूची. "आक्कांचा गूळ गोडच आहे, पण गोडावर बायकांचे पगार निघत नाहीत," म्हणाली. तेही खरंच. आक्का म्हणजे मुरगूडजवळच्या आमच्या गूळवाल्या. त्यांना मी फक्त फोनवर ओळखत होते. मी वाढले डोंबिवलीत, तिथे गूळ डब्यात असतो. तो शिजताना मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं, कारखान्याला हो म्हणण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून येते.

स्वच्छ प्रवासाची चौकशी म्हणून मुद्दाम एसटीनं निघाले होते आणि त्याचा मला बारीकसा अभिमानही वाटत होता. तो कोल्हापूरच्या स्टँडपर्यंत टिकला. उतरते न उतरते तोच आक्कांचा फोन. "पावणं, हायसा तिथंच थांबा. जीप आलीया."

जीप आली, आणि तिच्यामागून धूर आला. चालवणारे सर्जेराव, आक्कांचा गूळ कराडला नेणारे, उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की चौकशीच्या खिडकीतली माणसंही वळून बघत होती. मी म्हटलं, "अहो, मी मुरगूडच्या एसटीनं आले असते की."

"पावण्यानं एसटीनं यायचं? मग आमी काय मेलोय व्हय?"

पिशवी उचलली आणि जीपमध्ये बसले. वाटेत विचारलं, "जीप कोणाची?"

"आमचीच की."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या कारखान्यांची छपरं लांबून दिसत होती आणि त्यांतल्या कितीतरी छपरांवर सोलरच्या निळ्या पाट्या उन्हात चमकत होत्या. मनात आलं, यांना जोशींची उत्तरं देणं किती सोपं. छप्पर यांचं, पाट्या यांच्या, वीज यांची. पुढे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. आमची जीप त्यांच्यामागे रांगत आणि धूर सोडत मुरगूडकडे निघाली.

गुऱ्हाळ आधी नाकाला कळलं. गोड, जरा करपट वास, आणि पाठोपाठ चिमणीतून वर चढणारा काळपट धूर. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आभाळात लिहिलेलं दिसत होतं.

आक्का पदर खोचून कढईपाशी उभ्या होत्या. साठीच्या, ठेंगण्या, पण नजर कढईवरून हलत नव्हती. इकडे थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात, या मात्र सगळ्या गावाच्या आक्का आहेत. "आलासा? बसा. ह्यो काढतो आणि येतो," म्हणाल्या. या भागातल्या बायका स्वतःबद्दल येतो-जातो असंच बोलतात. मी क्षणभर मागे वळून कोण पुरुष बोलला ते पाहिलं.

गरम गूळ साच्यात ओतून झाल्यावर त्यांनी वाटीभर काकवी (गूळ घट्ट होण्याआधीचा पातळ पाक) हातात दिली. खाताना प्रश्न-बिश्न सगळं विसरले. मग आठवले. "आक्का, हा धूर कसला हो?"

"चिपाडाचा." म्हणजे रस काढून वाळवलेल्या उसाचा. "ऊस आमचा, चिपाड उसाचं, राख परत उसालाच घालतोय. लाकूड न्हाय, टायर न्हाय, कायबी इकत आणत न्हाय."

आता हे स्वच्छ म्हणायचं की नाही? धूर तर समोर होता. मी जोशींना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, हो किंवा नाही, एवढंच सांगा." मला दोन्ही सांगता येईना. फोन ठेवला आणि वाटीतली उरलेली काकवी चाटून संपवली.

दुसरा प्रश्न सोपा असेल असं वाटलं होतं. गुऱ्हाळाच्या लांबलचक गोठ्यावर सोलरच्या पाट्या होत्या. "ही वीज तुमची ना?"

"पाट्या अण्णांच्या. छप्पर आमचं."

अण्णा शेजारीच होते. बाबगोंडा अण्णा, जैन शेतकरी, गुऱ्हाळाला लागून त्यांची पिठाची गिरण आणि मिरची कांडप. गिरणीवर चिंचेची गर्द सावली, म्हणून पाट्या आक्कांच्या छपरावर. दारातच मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. अण्णा शांतपणे पाणी देत म्हणाले, "नव्या माणसाला व्हतंय तसं." शिंकांच्या मधल्या फटीत मी विचारलं, वीज कोणाची?

"आमची."

"पण त्याच विजेवर आक्कांचा उसाचा चरक फिरतो ना?"

"मग ती त्येंची."

"आणि तो टेम्पो?" अंगणात बॅटरीवरचा छोटा टेम्पो वायर लावून उभा होता. आमचा गूळ त्याच्यातूनच कराडच्या मार्केट यार्डात यायचा आणि तिथून हमाल आम्हाला आणून द्यायचा. "तो कोणाचा?"

अण्णा, आक्का आणि सर्जेराव तिघं एकदमच म्हणाले, "आमचाच की!"

मी छप्पर, वायर आणि टेम्पो यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. सर्जेरावांना कीव आली असावी. म्हणाले, "ताई, पैरा हाय ह्यो." पैरा म्हणजे शेतातली जुनी रीत. तुमचे बैल आज माझ्या रानात, माझे उद्या तुमच्या. पैसा नाही, लिखापढी नाही. यांनी तीच रीत छपराला, विजेला आणि टेम्पोला लावली होती. चरक सकाळी फिरतो, ऊन तापलं की गिरण, दुपारी टेम्पो वीज पितो. टेम्पो कराडला गूळ आणि मिरचीपूड नेतो आणि यार्डातून जनावरांची पेंड घेऊन येतो. रिकामा परत येत नाही.

"पण कागदोपत्री कोणाचं काय?" मी विचारलं. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वावगं बोलले.

रात्रीचा मुक्काम आक्कांकडे, जेवण मात्र अण्णांकडे, दिवस मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, कांदा-लसूण नसलेली झणझणीत आमटी आणि तूप-गूळ. ऊन अजून अंगणात असताना मी हात धुतले, आणि मग झोप येईपर्यंत अंथरुणावर जोशींना काय सांगायचं ते जुळवत राहिले. काही जुळलं नाही.

सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि गुऱ्हाळासमोर एक दांडगा डिझेलचा ट्रक उभा होता. आत एका कोपऱ्यात आमच्या गुळाचे क्रेट, बाकी सगळा मोकळा. पुढच्या सीटवर धुतलेली चादर अंथरलेली. आरशाला झेंडूचा हार!

"हे काय?"

"तुमच्यासाठी पेशल," आक्का खूश होऊन म्हणाल्या. "पावण्याला मिरचीच्या पोत्यासंगं धाडू व्हय?"

मला रडावं की हसावं कळेना. एवढी छान घडी बसवलेली माणसं, आणि माझा मान राखायला ती स्वतःच मोडून बसली होती. कालची जीपसुद्धा तशीच माझ्यासाठी उसनी आणलेली, हेही आत्ता कळलं. मी तिथेच ओरडले, "आक्का, नको हो हे! मी कशाला आले माहीत आहे का तुम्हाला?" आणि सगळं सांगून टाकलं. जोशी, दुकानं, बायकांचं काम, कारखान्याचा गूळ, सगळं.

आक्कांचा चेहरा उतरला. "म्हंजे आमचा गूळ बंद करणार व्हय?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. फार वाईट वाटलं. त्यांची काकवी पोटात होती. "पण हा ट्रक पाठवलात तर मला बंदच करावा लागेल."

आक्कांनी पदर खोचला. मग ट्रकवाल्याला हार काढायला सांगितला आणि क्रेट उतरवायला लावले. पण टेम्पोत बॅटरी अर्धीच. ट्रक येणार म्हणून काल टेम्पोची वायर मधेच काढून वीज गिरणीला दिली होती आणि आज ऊन नाही. अण्णांनी वर आभाळाकडे पाहिलं, आत गेले आणि कांडप बंद केलं. आवाज थांबताच दारात मिरच्या घेऊन बसलेली एक बाई उसळली. "आणि आमच्या चटणीचं काय? ह्या बाईच्या गुळापायी आमी उपाशी बसायचं?"

"उद्या तुझी पयली," अण्णा म्हणाले. "आज पैरा आक्कांचा हाय."

ती बाई माझ्याकडे बघून नाक मुरडत गेली. स्वच्छ वीज म्हणजे कोणाची तरी चटणी थांबते, हे मला जोशींनी सांगितलं नव्हतं. मी पिशवीतला चिक्कीचा डबा तिच्या मागे पळत जाऊन तिच्या हातात दिला. घेतला तिनं, पण हसली नाही.

दुपार कलल्यावर निघालो. मी पुढे सर्जेरावांशेजारी, मागे गूळ आणि मिरची. टेम्पो इतका गुपचूप चालतो की कागलपर्यंत मला तो बंद पडलाय असं वाटून दोनदा धस्स झालं. माझ्या शिंका मात्र कराडपर्यंत चालू राहिल्या. किणीच्या टोलनाक्यापुढे सर्जेराव बॅटरीच्या आकड्याकडे बघत आणि टेम्पो सावकाश हाकत होते. मीही तोच आकडा बघत होते.

मार्केट यार्डाचा फाटा आला आणि मागे पडला. "अहो, यार्ड?"

"पावण्याला दारात सोडायचं सांगितलंय आक्कांनी. मिरची उद्या सकाळी जाता जाता टाकतो."

दारात उतरले. सर्जेरावांनी पोर्चमध्ये वायर लावली, सुनीतानं दिलेला चहा घेतला. जेवले. सकाळी उठले, पुन्हा चहा घेतला, वायर काढली आणि टेम्पोला टेकून उभे राहिले. जाईचनात. मी आणि सुनीता एकमेकींकडे बघत होतो. शेवटी मीच विचारलं, "काही राहिलं का?"

"भरा की."

"काय भरा?"

"परतीचा माल. यार्डात काल ठरल्यापरमानं गेलो न्हाय, माझी पेंड दुसऱ्यानं उचलली. तुमी टेम्पोत बसलासा, वीज घेतलासा, चटणी थांबवलासा. आता पैऱ्यात आलासा न्हवं? रिकामी गाडी मी नेत न्हाय."

कितीतरी वर्षं आमचा गूळ गाडीतून येतोय आणि ती गाडी परत जाते हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. सुनीता मात्र आत गेली आणि जिन्याखालून गुळाचे रिकामे क्रेट ओढत आणू लागली. वर्षानुवर्षांचे. "हे कधी मागितले का नाहीत?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाइकाकडं मागायचं कसं? पावणंच की ते."

क्रेट चढले तरी जागा उरली. सुनीता शेडच्या मागे गेली. आम्ही शेंगा फोडतो त्यांच्या टरफलांची पोती तिथे साचतात आणि पैसे देऊन फेकायला लागतात. एक पोतं ओढत आणून तिनं विचारलं, "ही चालतील का हो गुऱ्हाळाच्या आगीत?"

"चालत्यात काय, पळत्यात!" सर्जेराव म्हणाले. आम्ही तिघांनी मिळून पोती चढवली. टेम्पो आवाज न करता गल्लीच्या वळणावरून गेला. सुनीता घाम पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी पोत्यांची तोंडं आधीच शिवून ठेवायला पाहिजेत." कारखान्याच्या गुळाचं नाव तिनं काढलं नाही. मीही नाही.

दुपारी जोशींचा फोन. मी स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. धूर आहे. चिपाडाचा आहे. वीज उन्हाची आहे, ऊन नसेल त्या दिवशी मिरची थांबते.

"बरं, आणि गाडी कोणाची?"

सुनीतानं माझ्याकडे पाहिलं. "आमचीच की," मी म्हटलं.

"तुमच्या नावावर आहे?"

"नाही."

"मग गूळवाल्या बाईंच्या?"

"त्यांचीही आहे. अण्णांचीही आहे."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग जोशी म्हणाले, "मॅडम, माझा जरा गोंधळ होतोय."

"होतो," मी म्हटलं. इतकं बरं वाटलं मला! गेले दोन दिवस एकटीच वागवत होते तो गोंधळ, त्याला आता एक भागीदार मिळाला. "माझाही झाला होता. ते राहू दे. तुम्ही मला एवढंच सांगा, आमची चिक्की घेऊन गाडी पुण्याला आली की परत येताना तुम्ही तिच्यात काय भरणार?"